मधुमेह असताना कोविड झाला तर: आजारपणातली साखर कशी सांभाळायची

आईला कोविड झाला तेव्हा सहाव्या दिवशी तिचा ऑक्सिजन उतरायला लागला. डॉक्टरांनी घरीच ऑक्सिजन लावायला सांगितलं आणि स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. तिला बारा वर्षांपासून टाइप २ मधुमेह. रोज सकाळी उपाशीपोटी बोट टोचून शुगर बघायची, ही तिची जुनी शिस्त आजारपणातही सुटली नव्हती. वहीतले सकाळचे आकडे बघून आम्ही निश्चिंत होतो: १२४, ११८, १३१. गोळ्या सुरू झाल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी ती सारखी पाणी मागायला लागली, तासाभरात तीनदा लघवीला उठली. म्हणून मीटर लावलं, तर ३८६.

सकाळचा १३१ खोटा नव्हता. आम्ही फक्त चुकीच्या वेळी मोजत होतो. सकाळी घेतलेल्या स्टेरॉइडने साखर दुपारपासून चढते, रात्रीपर्यंत चढलेली राहते आणि पहाटे बरीच खाली येते, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. घरात मधुमेही माणूस आहे आणि कोविड झालाय, किंवा उद्या होऊ शकतो, अशा प्रत्येकाला हे आधीच माहीत असावं म्हणून हा लेख लिहितोय. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम आहे. पण दिवसाचे चोवीस तास रुग्णाजवळ डॉक्टर नसतात, आपण असतो.

मधुमेहाने धोका नेमका किती वाढतो?

साथीच्या सुरुवातीलाच, फेब्रुवारी २०२० मध्ये, चीनच्या रोग नियंत्रण केंद्राने सुमारे ७२ हजार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. खात्रीशीर निदान झालेल्या सगळ्या रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण २.३ टक्के होतं. मधुमेह असलेल्यांत ते ७.३ टक्के आणि दुसरा कोणताही आजार नसलेल्यांत ०.९ टक्के. इंग्लंडमध्ये २०२० च्या पहिल्या लाटेत रुग्णालयात कोविडने गेलेल्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश लोक मधुमेही होते.

हे वाचून छातीत धस्स होतं. पण त्याच वर्षी चीनच्याच हुबेई प्रांतातून आणखी एक अभ्यास आला, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात कोविडने रुग्णालयात दाखल झालेल्या टाइप २ मधुमेहींचे दोन गट पाहिले होते. रुग्णालयात असताना ज्यांची साखर साधारण ७० ते १८० मिलिग्रॅमच्या दरम्यान राहिली, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण १.१ टक्के होतं. ज्यांची त्यावर गेली, त्यांच्यात ११ टक्के. (या लेखातले साखरेचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. तुमचं मीटर मिलिमोल दाखवत असेल तर त्या आकड्याला १८ ने गुणा.)

यावरून साखर आटोक्यात ठेवली की माणूस हमखास वाचतो, असा अर्थ मात्र काढू नका. आजार जितका गंभीर, तितकी साखर आपोआप चढते. त्यामुळे चढलेली साखर हे काही अंशी आजाराच्या तीव्रतेचं कारण असतं आणि काही अंशी त्याचं लक्षण. तरी दोन गटांतलं अंतर दुर्लक्ष करण्याजोगं नाही.

जुन्या साखरेचं काय? इंग्लंडच्या माहितीत टाइप २ असलेल्या ज्या लोकांचं एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी, १० टक्के किंवा त्याहून जास्त होतं, त्यांना मृत्यूचा धोका ६.५ ते ७ च्या आसपास असलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी अधिक होता. फ्रान्समध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या तेराशेहून अधिक मधुमेहींच्या अभ्यासात चित्र जरा निराळं होतं. तिथे पहिल्या आठवड्यात रुग्ण व्हेंटिलेटरवर जाणार का, दगावणार का, याच्याशी एचबीएवनसीचा संबंध दिसला नाही. दाखल होतानाच्या साखरेचा आणि वजनाचा दिसला. या दोन्हींतून मी माझ्यापुरता अर्थ असा काढतो की गेल्या दहा वर्षांत काय चुकलं याची उजळणी करत बसायची ही वेळ नाही. ताप आल्यापासूनचे दहा-चौदा दिवस आपल्या हातात आहेत, तेवढे नीट सांभाळायचे.

वय, स्थूलपणा, किडनीचा आणि हृदयाचा आजार यांचा वाटा मोठा आहे. मधुमेहाचे धोके म्हणून आपण जे मोजतो, त्यातला काही भाग मधुमेहासोबत आलेल्या या आजारांचा असतो. पस्तिशीतला, किडनी-हृदय ठणठणीत असलेला मधुमेही आणि पंचाहत्तरीतला डायलिसिसवरचा मधुमेही यांचा धोका सारखा नाही.

शरीरात काय घडतं

संसर्ग झाला की शरीर कॉर्टिसोल, अ‍ॅड्रेनालिन यांसारखी तणावाची संप्रेरकं सोडतं. लढायला इंधन हवं म्हणून यकृत साखर रक्तात ओतायला लागतं. त्याच वेळी सूज निर्माण करणारे घटक वाढतात आणि इन्सुलिनचा असर कमी होतो. म्हणून दोन घास खाल्ले नाहीत तरी साखर २५० दिसू शकते. “काही खाल्लंच नाही, मग शुगर वाढली कशी?” हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. उत्तर हेच.

चढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी मंदावतात, विषाणू आणि जिवाणू गिळण्याची त्यांची ताकद घटते. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर आधीच नाजूक झालेलं असतं. कोविड त्याच अस्तरावर घाला घालतो आणि रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. साखर लघवीवाटे जाताना पाणी घेऊन जाते, अंगातलं पाणी आटतं, रक्त घट्ट होतं, साखर आणखी चढते. हे चक्र जितक्या लवकर तोडाल तितकं बरं.

आजारी पडण्याआधी, आजच करायचं

कागदावर सगळ्या औषधांची यादी करा: नाव, डोस, वेळ. इन्सुलिन असेल तर कोणतं आणि किती युनिट, हेही लिहा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा ही यादी समोर ठेवून एकच विचारा: “मी तापाने पडलो, जेवण जाईना, तर यातलं काय चालू ठेवायचं आणि काय थांबवायचं?” उत्तर त्याच कागदावर, शक्यतो त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या. ताप १०३ असताना रात्री अकराला हा प्रश्न विचारायला कुणी सापडत नाही.

घरात ग्लुकोमीटर आणि मुदत न संपलेल्या निदान ५० स्ट्रिप्स असाव्यात. आजारपणात दिवसाला चार-सहा लागतात, आणि डबी नेमकी तेव्हाच संपते. थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर हवं, सेल तपासलेले. टाइप १ (शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही तो प्रकार) असेल, किंवा डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखी गोळी चालू असेल, तर कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडून चरबी जळायला लागली की रक्तात साठणारे आम्लधर्मी घटक, तपासायच्या पट्ट्याही ठेवा. गेल्या वर्षभरात क्रिएटिनिन तपासलं नसेल तर तपासून घ्या, कारण आजारपणातले औषधांचे अर्धे निर्णय किडनीवर ठरतात.

लस. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, पण विषाणू गेलेला नाही. मधुमेहींना गंभीर आजाराचा धोका आजही इतरांपेक्षा जास्त आहे. तुमच्या वयाला आणि आजाराला बूस्टर सुचवलेला असेल तर घ्या. लस घेतल्यावर एक-दोन दिवस साखर थोडी वर दिसू शकते, त्याने घाबरू नका.

टेस्ट पॉझिटिव्ह आली: पहिले चोवीस तास

पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. “बघू दोन दिवस” असं मधुमेहीने म्हणू नये. विषाणूवर थेट काम करणारी निर्माट्रेलविर-रिटोनाविरसारखी गोळी द्यायची ठरली तर ती लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू व्हावी लागते. ही गोळी इतर अनेक औषधांशी भांडते. कोलेस्टेरॉलचं सिमव्हास्टॅटिन तिच्यासोबत चालत नाही, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन बहुधा तेवढ्या दिवसांपुरतं थांबवतात, रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनचा असर वाढतो, किडनी कमजोर असेल तर तिचाच डोस कमी करावा लागतो. म्हणून तो यादीचा कागद फोनजवळ हवा.

आता एकेक औषध बघू. खालचं सगळं डॉक्टरांशी बोलताना कामी यावं म्हणून आहे. स्वतःच्या मनाने बदल करण्यासाठी नाही.

इन्सुलिन बंद करायचं नाही. हे वाक्य मी तीनदा लिहायला तयार आहे. जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन टाळणं ही आजारपणातली सगळ्यात धोकादायक चूक, आणि टाइप १ मध्ये ती जिवावर बेतते. जेवणाआधीचं इन्सुलिन जेवणाच्या प्रमाणात कमी करावं लागेल. दिवसभर काम करणारं लांब पल्ल्याचं इन्सुलिन मात्र उपाशी असतानाही लागतंच, आणि तापात पुष्कळदा नेहमीपेक्षा जास्त लागतं.

नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेल्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर काढतात. आजारपणात जेवण-पाणी कमी झालं की त्या साधारणपणे थांबवतात, कारण त्यांच्यामुळे रक्तात कीटोन साठू शकतात, आणि तेही साखर फारशी वाढलेली नसताना. मीटरवर १८० दिसतंय, सगळे निर्धास्त आहेत, आणि आत रक्त आम्लधर्मी होत चाललंय, असं घडू शकतं. हृदयासाठी किंवा किडनीसाठी ही गोळी चालू असेल तरी हा प्रश्न डॉक्टरांना विचाराच.

मेटफॉर्मिन सौम्य आजारात, खाणं-पिणं ठीक असेल तर चालतं. उलट्या, जुलाब, अंगातलं पाणी कमी होणं किंवा ऑक्सिजन उतरणं यांपैकी काहीही सुरू झालं तर थांबवतात, नाहीतर रक्तात लॅक्टिक आम्ल साठण्याचा धोका असतो.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या जेवण झालं की नाही हे बघत नाहीत, साखर खाली ओढतातच. जेवण निम्म्यावर आलं असेल तर डोस कमी करायचा का, हे विचारा. सिटाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन या गोळ्या बहुधा चालू राहतात. सेमाग्लुटाइड किंवा लिराग्लुटाइडचं इंजेक्शन घेत असाल आणि मळमळ-उलट्या असतील तर ते पुढे ढकलतात.

रक्तदाबाच्या ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ प्रकारच्या गोळ्यांनी कोविड बिघडतो अशी भीती २०२० मध्ये पसरली होती. पुढच्या अभ्यासांत ती खरी ठरली नाही. कोविड झाला एवढ्याच कारणाने त्या बंद करू नका. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालं असेल तर त्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या एक-दोन दिवस थांबवायच्या का, हे डॉक्टर ठरवतील. तापाला पॅरासिटामॉल पुरतं. अंगदुखीच्या इतर गोळ्या आटलेल्या अंगात किडनीला मारक ठरतात.

मोजायचं कसं, लिहायचं कसं

आधी हात. साबणाने धुवा, पूर्ण पुसा, मग टोचा. नुकतंच फळ सोललेलं असेल आणि बोटाला त्याचा रस लागलेला असेल, तर मीटर ती साखरही मोजतं. आमच्याकडे एकदा २९० आले होते, हात धुऊन पुन्हा बघितलं तर १७२. वरच्या आकड्यावर जादा इन्सुलिन दिलं असतं तर? बोटं गार असतील तर आधी कोमट पाण्यात धरा. बोटाच्या टोकावर टोचण्यापेक्षा कडेला टोचलं की कमी दुखतं. शिरेतून व्हिटॅमिन ‘सी’चे मोठे डोस दिले जात असतील तर काही मीटर खोटे जास्त आकडे दाखवतात. सतत साखर मोजणारा सेन्सर लावला असेल तर काही सेन्सर पॅरासिटामॉलच्या मोठ्या डोसनेही फसतात. शंका आली तर प्रयोगशाळेतली तपासणी.

गोळ्यांवर असलेल्या आणि आजार सौम्य असलेल्या माणसाने दिवसातून चारदा बघावं: उपाशीपोटी, दुपारच्या जेवणाआधी, रात्रीच्या जेवणाआधी आणि झोपताना. इन्सुलिनवर असलेल्यांनी दर चार तासांनी, रात्री एकदा उठूनही. स्टेरॉइड सुरू असेल तर दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि संध्याकाळी बघणं सोडू नका.

वहीत नुसता साखरेचा आकडा लिहून भागत नाही. एका ओळीत वेळ, साखर, ताप, ऑक्सिजन, काय खाल्लं, किती पाणी प्यायलं, कोणतं औषध घेतलं. आमच्या वहीतली एक ओळ अशी होती: “दु. ४.१०, साखर ३८६, ताप ९९.४, ऑक्सिजन ९३, अर्धी वाटी भात, पाणी ३ ग्लास, स्टेरॉइड सकाळी ९ ला.” डॉक्टरांना फोनवर ही एक ओळ वाचून दाखवली आणि दोन मिनिटांत इन्सुलिनचा निर्णय झाला. त्याआधीचे तीन दिवस आम्ही फक्त “शुगर नॉर्मल आहे” एवढंच सांगत होतो.

घरी आजारी असताना साखर साधारण १०० ते १८० मध्ये राहिली तर उत्तम. वयस्कर, एकट्या राहणाऱ्या किंवा वारंवार साखर उतरणाऱ्या माणसाला २०० पर्यंत चालवून घेतात. सलग दोनदा २५० च्या वर आली तर फोन करा. ३०० च्या वर गेली आणि उतरत नसेल तर सकाळची वाट बघू नका.

खाणं आणि पाणी

आजारपणात पथ्य कडक करायचं नसतं, सोपं करायचं असतं. चव नाही, वास नाही, घशाखाली घास उतरत नाही, अशा वेळी “तुला हे चालत नाही” म्हणून ताट परत नेऊ नका. दर तीन-चार तासांनी थोडं थोडं, पचायला हलकं द्या. प्रथिनांकडे लक्ष असू द्या, कारण तापात स्नायू झपाट्याने झिजतात आणि नंतरचा अशक्तपणा त्यातूनच येतो.

पाणी जागेपणी दर तासाला अर्धा-पाऊण ग्लास. साखर २०० च्या वर असेल तर बिनसाखरेचं पेय. साखर १०० च्या खाली येत असेल आणि जेवण जात नसेल तर साखर असलेलं. हृदय कमजोर असलेल्यांनी आणि डायलिसिसवरच्यांनी पाण्याची मर्यादा डॉक्टरांकडूनच घ्यावी. लघवीचा रंग गडद झाला किंवा आठ तासांत लघवीच झाली नाही, तर तेही वहीत लिहा आणि कळवा.

साखर उतरली तर

७० च्या खाली गेली की लगेच १५ ग्रॅम साखर द्या: तीन-चार लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून, किंवा ग्लुकोज पावडर. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच द्या. सुधारली की थोडं खाणं. ५४ च्या खालचा आकडा गंभीर समजा. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि रुग्णवाहिका बोलवा.

कोविडच्या गळाठ्यात ही लक्षणं सहज लपतात. घाम, थरथर, गोंधळलेलं बोलणं हे सगळं “तापामुळे असेल” म्हणून सोडलं जातं. वेगळं वागणं दिसलं की आधी बोट टोचा.

श्वास, ऑक्सिजन आणि एक फसवणारी खूण

दिवसातून तीन-चारदा ऑक्सिजन बघा. पाच मिनिटं शांत बसून, नखांना रंग नसताना, बोट उबदार करून, आकडा स्थिर होईपर्यंत. ९५ किंवा जास्त असेल तर ठीक. ९४ च्या खाली जायला लागलं की लगेच डॉक्टरांना कळवा, ९० च्या खाली ही आणीबाणी. सावळ्या-काळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, म्हणून धाप लागत असेल तर ९५ बघून गप्प बसू नका. चालता येत असेल तर खोलीतल्या खोलीत सहा मिनिटं चाला आणि पुन्हा बघा. तीन-चारने उतरला तर तो इशारा आहे. बसल्या जागीच ९४ च्या खाली असणाऱ्यांनी ही चाचणी करायची नाही.

आता ती खूण. मधुमेही माणूस खोल, जोरजोरात श्वास घेतोय आणि ऑक्सिजन मात्र ९८ दाखवतंय. सगळे म्हणतात, घाबरलाय. अशा वेळी कीटोन तपासा. रक्तात कीटोन वाढले की आम्ल बाहेर टाकायला शरीर श्वास खोल करतं. सोबत उलट्या, पोटदुखी, गुंगी, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास. रक्तातले कीटोन (मिलिमोल प्रति लिटरमध्ये) ०.६ च्या खाली असतील तर ठीक, १.५ च्या वर गेले तर त्याच क्षणी डॉक्टरांना फोन, ३ च्या वर गेले तर थेट रुग्णालय. फुप्फुसाचा आजार समजून यात मोलाचे तास जाऊ शकतात.

छातीत दडपण, ओठ निळसर, नीट जागं न राहणं, पाणीही पोटात न टिकणं यातलं एकही दिसलं तरी रुग्णालय गाठा. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांना हृदयविकाराच्या झटक्यात छातीत दुखतंच असं नाही. नुसता घाम, धाप, अस्वस्थता एवढंच असू शकतं.

स्टेरॉइड: गरज असेल तर घ्यायचं, नसेल तर अजिबात नाही

जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषध-चाचणीचे निकाल आले. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आलं. ऑक्सिजनवर असलेल्यांनाही फायदा झाला. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना फायदा दिसला नाही. म्हणजे ऑक्सिजन लागतोय आणि डॉक्टर स्टेरॉइड देत आहेत, तर साखर वाढेल म्हणून नकार देऊ नका. ऑक्सिजन व्यवस्थित असताना “लवकर बरं वाटावं” म्हणून कुणी स्टेरॉइड सुचवलं, तर मधुमेहीने का, हे विचारलंच पाहिजे.

सुरू झालं की साखर वाढणार, हे धरून चला. पहिल्याच दिवशी विचारा: किती दिवस द्यायचंय, इन्सुलिन कधी आणि किती, कोणत्या आकड्याला फोन करायचा. प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन सकाळी घेतलं की दुपार-संध्याकाळ चढती. डेक्सामेथासोन जास्त वेळ टिकतं, त्यामुळे सकाळची साखरही वर राहू शकते. गोळ्यांवर वर्षानुवर्षं असलेल्या माणसाला या काळात इन्सुलिन लागलं तर ती हार नाही. बहुतेकांचं नंतर सुटतं.

आणि स्टेरॉइड थांबताना सावध. आईचं बंद झाल्यावर तिसऱ्या रात्री साखर ६१ आली, कारण चढत्या साखरेसाठी वाढवलेलं इन्सुलिन तसंच चालू होतं. स्टेरॉइडचा डोस कमी झाला त्याच दिवशी इन्सुलिनबद्दलही विचारायचं असतं. आमच्या ते लक्षातच आलं नाही.

रुग्णालयात

औषधांची यादी आणि वही सोबत द्या. शेवटचं इन्सुलिन किती वाजता दिलं, हे आधी सांगा. अतिदक्षता विभागात साखर साधारण १४० ते १८० मध्ये ठेवतात. घरच्यांना वाटतं, १०० वर का आणत नाहीत? २००९ मधल्या एका मोठ्या चाचणीत अत्यवस्थ रुग्णांची साखर ८१ ते १०८ इतकी खाली ठेवून पाहिली होती. त्या गटात मृत्यू जास्त झाले. त्यामुळे तिथे १६५ हा चांगला आकडा आहे. घरच्यांनी रोज दोनच गोष्टी विचाराव्यात: आज साखर किती ते किती दरम्यान होती, आणि इन्सुलिन शिरेतून चालू आहे की त्वचेखाली. घरी सोडताना इन्सुलिनचं वेळापत्रक लिहून घेतल्याशिवाय निघू नका.

काळी बुरशी

२०२१ मध्ये भारतात म्युकरमायकोसिसची जी लाट आली, तिच्यामागे चढलेली साखर आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर ही दोन मोठी कारणं होती. ही बुरशी हवेत, मातीत सगळीकडे असते. साखर चढलेली, रक्त आम्लधर्मी झालेलं, प्रतिकारशक्ती स्टेरॉइडने दबलेली, आणि आम्लामुळे रक्तात मोकळं झालेलं लोह तिला खायला मिळालेलं, अशा शरीरात ती रुजते.

कोविडनंतर काही आठवडे आरशात चेहरा बघा. एका बाजूचं नाक बंद, नाकातून काळपट किंवा रक्त मिसळलेला स्राव, एकाच गालावर सूज किंवा बधिरपणा, डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणं, वरचे दात हलायला लागणं, टाळूवर काळा डाग. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. इथे एक-दोन दिवसांच्या उशिराने डोळा जातो.

बरं झाल्यावर

टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून साखर लगेच जुन्या जागी येत नाही. निदान दोन आठवडे दिवसातून दोनदा मोजत राहा, वाढवलेली औषधं त्या आकड्यांनुसार डॉक्टरांकडून उतरवून घ्या. थांबवलेल्या गोळ्या कधी सुरू करायच्या, हे विचारायला लोक विसरतात. साधारणपणे नीट खाणं-पिणं सुरू होऊन एक-दोन दिवस झाले की सुरू करतात. बरेच दिवस अंथरुणावर पडून असाल तर टाचा आणि तळपाय बघून घ्या. चालणं दहा मिनिटांपासून, दमल्यावर थांबून.

ज्यांना आधी मधुमेह नव्हता त्यांच्यासाठीही एक सांगायचंय. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदींवरून २०२२ मध्ये दिसून आलं की कोविड होऊन गेलेल्यांना पुढच्या वर्षभरात मधुमेहाचं निदान होण्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होता. आजारपणात साखर वाढली होती आणि नंतर “स्टेरॉइडमुळे होती” म्हणून विषय मिटला, असं तुमच्या घरात कुणाचं झालं असेल, तर बरं झाल्यावर तीन महिन्यांनी उपाशीपोटी साखर आणि एचबीएवनसी करून घ्या. मधल्या काळात रक्त चढवलं असेल किंवा हिमोग्लोबिन बरंच कमी असेल तर एचबीएवनसी फसवं येतं, हे तपासणी सांगणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, अथवा एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त, असं दोनदा आलं तर तो मधुमेह आहे, आणि त्याचे उपचार त्याच आठवड्यात सुरू करता येतात.